पांढरा चहा, पुदिना आणि माझं नाक

निवृत्त होऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं सुख कोणतं विचाराल, तर आता मला चहा गिळता येतो. हसू नका. सव्वीस वर्षं मी उत्तमोत्तम चहा तोंडात घेऊन थुंकत होते. ते माझं कामच होतं. सकाळी तीस-चाळीस कप ओळीनं मांडलेले असायचे. सगळे गिळले असते तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात थरथरायला लागले असते. म्हणून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, त्याचा वास घशामागून नाकात चढू द्यायचा आणि बाजूच्या पिंपात थुंकायचा. माझ्या सासूबाई एकदा कारखाना बघायला आल्या होत्या. पाच मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या महागाचा चहा थुंकतेस, आणि वर त्याचा पगार देतात तुला?"

आमचा कारखाना अंधेरीला, एमआयडीसीत. तिथं चहा पिकत नाही. ठिकठिकाणच्या मळ्यांतून आलेला चहा आम्ही मिसळतो आणि डब्यांत भरतो. एकाच मळ्याचा चहा या आठवड्यात एक लागतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. गिऱ्हाइकाला मात्र वर्षभर तीच चव हवी असते. मग कुठला चहा किती घालायचा हे कुणीतरी चाखून ठरवावं लागतं आणि कागदावर सही करावी लागते. त्या सहीशिवाय एक डबा बाहेर जात नाही. ती सही माझी.

मी तिथं लागले ती लेबलं चिकटवायला. माझे वडील जालन्याकडून आलेले, आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलो, आणि चहा म्हणजे आमच्याकडे साखर, आलं आणि मिळाली तर दूध. एक दिवस लेबलं लावता लावता मी शेजारणीला म्हटलं, "आजच्या चहाला ओल्या गोणपाटाचा वास मारतोय गं." मागून परबकाका चालले होते. परबकाका म्हणजे आमचे चहा चाखणारे, मालवणकडचे, तोंडानं फटकळ. ते थांबले. डबा उघडून हुंगला आणि तो घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या लॉटची दोन पोती ट्रकमध्ये खरंच भिजली होती. काकांनी मला बोलावलं. "तुका नाक आसा," म्हणाले. "फुकट घालवू नको."

पुढची चार वर्षं त्यांनी मला शिकवलं. लेबलवाली बाई चहाला नावं ठेवणार म्हणून हसणारे खूप होते. काका निवृत्त होऊन बोरीवलीला घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले, तेव्हाही ते हसणं पूर्ण थांबलं नव्हतं. हे सांगते, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला त्याचं मूळ यात आहे.

आमचे शेठ हर्षदभाई. माणूस चांगला, पण सारखं काहीतरी नवीन पाहिजे. एकदा म्हणाले, "वंदनाबेन, पांढऱ्या चहात पुदिना टाकून बघा ना."

पांढरा चहा म्हणजे काय ते सांगते. चहाच्या झाडाचे अगदी कोवळे, न उमललेले कोंब. त्यावर चंदेरी लव असते. ते खुडायचे, सुकवायचे, बस. मळणं नाही, वळणं नाही. रंग उतरतो फिक्या उसाच्या रसाइतका, आणि वास इतका हळू की शेजारच्या खोलीत कुणी उदबत्ती लावली तरी तो पळून जातो. थोडं वाळलेलं गवत, थोडा मध, थोडं खरबूज. आणि पुदिना? तो घरात शिरला की बाकी सगळ्यांनी उभं राहायचं.

पहिले पंधरा प्रयोग म्हणजे नुसती टूथपेस्ट. मग मला गोराईची सिसिलिया भेटली. तिची घरामागे छोटी वाडी आहे, विहिरीच्या पाण्यावर पुदिना लावते. तिचा पुदिना बाजारातल्यापेक्षा मवाळ, आणि ती तो सावलीत सुकवायची, उन्हात नाही. तो अगदी थोडा घेऊन मी पांढऱ्या चहात हातानं मिसळला. यंत्राच्या पिंपात घातलं तर कोंब मोडतात. मग डबा बंद करून लोणच्यासारखा आठ दिवस मुरू दिला. नवव्या दिवशी चाखला तेव्हा आधी चहा आला, मग मध आला आणि सगळ्यात शेवटी, निरोप घेतल्यासारखा, पुदिना. त्या दिवशी मी नियम मोडला आणि तो घोट गिळला.

गिऱ्हाइकं मात्र गिऱ्हाइकंच. डब्यावर आमचा नंबर असायचा. बोरीवलीहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला.

"डब्यावर पांढरा चहा लिहिलंय. उघडला तर राखाडी आहे. ही फसवणूक नाही का?"

मी लव वगैरे समजावलं.

"मग दूध घातल्यावर पांढरा होतो का?"

"सर, दूध घालायचंच नाही."

"आता सांगताय! मी दूध, साखर, आलं घालून दहा मिनिटं उकळला. चटणी बासुंदीत पडल्यासारखं लागलं."

मी त्यांना नीट सांगितलं की पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबा, मग कोंब टाका, झाका, पाच मिनिटं हात लावू नका. आठवड्यानं परत फोन आला. "मला ते अजून गरम पाणीच वाटतं," मास्तर म्हणाले. "पण आमच्या मिसेसना आवडलं. आणि ती पाच मिनिटं वाट बघायची असते ना, तेवढा वेळ आम्ही समोरासमोर बसतो. आणखी दोन डबे पाठवा."

तर असा तो चहा चालायला लागला. आणि मग करोना आला.

मला झाला तो अगदी साधा. चार दिवस ताप, अंगदुखी. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र नाही. मी मसाल्याचा डबा उघडला. हिंगाच्या डबीत नाक खुपसलं. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

सगळे म्हणाले, येतं दोन आठवड्यांत. कारखान्यात आणखी तिघांचा वास गेला होता, त्यांचा आला. माझा आला नाही. आणि मी कामावर जायला लागले, कुणाला काही न सांगता.

का नाही सांगितलं? पाय मोडला तर रजा मिळते. चाखणाऱ्या बाईचं नाक गेलं तर तिला कशाची रजा देणार? मला ते जुनं हसणं आठवायचं. मी स्वतःला रोज सांगायचे, अजून आठ दिवस. जीभ होती. जिभेला कडू, तुरट, आंबट कळतं. डोळ्यांना रंग कळतो, बोटांना पान कुरकुरीत आहे की सादळलंय ते कळतं. इतक्या वर्षांचा अंदाज होता. त्या भरवशावर मी दोन महिने सह्या केल्या. पण चहाची चव म्हणतो ती बहुतेक सगळी नाकातच असते, हे मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी पाटी कोरी असताना धडा वाचून दाखवत होते.

त्याच सुमारास एका मोठ्या हॉटेलवाल्यांची दिवाळीच्या भेटीसाठी ऑर्डर आली. पांढरा चहा आणि पुदिना, साठ किलो. पांढऱ्या चहाचे कोंब वर्षातून थोडेच दिवस खुडतात. आमच्याकडे होता तेवढाच साठा, आणि तो संपला तर पुढच्या हंगामापर्यंत कुठून आणणार?

सिसिलियाचा पुदिना आला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधलेला. नियमाप्रमाणे पहिली पिशवी मी एकटीनं चाखायच्या खोलीत उघडली. पानं हिरवी, कोरडी, छान. गरम पाण्यात टाकली, कप तोंडाजवळ नेला आणि श्वास घेतला.

नाकात गार वाटलं.

मी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा तोच गारवा, नाकात, घशात, टाळूला. दोन महिन्यांनंतर! मी दाराला कडी घातली आणि ओढणीत तोंड घालून रडले. नाक परत आलं होतं. डोळे पुसले, कागदावर सही केली: पुदिना उत्तम, उद्या सकाळी आठला मिसळायला घ्यावा. नमुन्याची पुडी पर्समध्ये टाकली, घरी मुलीला दाखवायला. पण घरी पोचेपर्यंत डोकं दुखायला लागलं आणि मी लवकर झोपले.

सकाळी सात वाजता मी निघायच्या तयारीत होते. माझी मुलगी प्राची, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, माझ्या पर्समध्ये चावी शोधत होती. तिनं तोंड वाकडं केलं.

"आई, पर्समध्ये सुके बोंबील ठेवलेस काय?"

"काहीतरीच काय. पुदिना आहे तो."

"पुदिना? यार आई, हुंगून तरी बघ!"

तिनं पुडी उघडून माझ्या नाकाखाली धरली. मी श्वास घेतला. किंचित गारवा. बाकी काही नाही. बोंबील नाही, आणि आता लक्षात आलं, पुदिनाही नाही. नुसता गारवा. पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पुदिन्याचा थंडपणा हा वास नसतोच. तिखट झोंबतं तसा तो आतल्या कातडीला जाणवतो, नाक मेलेलं असलं तरी. त्या सकाळी मला एवढंच कळलं की माझं नाक परत आलेलं नव्हतं, आणि आठ वाजता पुष्पा तो पुदिना साठ किलो पांढऱ्या चहात घालणार होती.

चहा वास ओढून घेतो. कांद्याशेजारी ठेवा, कांद्याचा होतो. एकदा बोंबील शिरला की तो कोणाच्या बापाला काढता येणार नाही.

पुष्पा म्हणजे आमच्या मिसळणीच्या विभागाची प्रमुख. तिचा फोन लागेना, कारण कामाच्या जागी फोन न्यायला बंदी, सगळे कपाटात ठेवतात. हर्षदभाई रोज त्या वेळी देरासरात पूजेला असायचे, फोन बंद. ऑफिसात नऊशिवाय कोणी येत नाही. मी पायात सापडल्या त्या चपला घातल्या, घाटकोपरला मेट्रो पकडली. उतरले आणि रिक्षा मिळेना, म्हणून धावले. बावन्न वर्षांची बाई, तोंडाला मास्क, एमआयडीसीच्या रस्त्यावर पळतेय. एक वॉचमन ओळखीचा होता, तो ओरडला, "ताई, काय झालं?" मी नुसता हात हलवला.

पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टीलच्या परातींत चंदेरी कोंब पसरलेले. पुष्पा हातमोजे घालून पहिल्या परातीत पुदिना घालत होती.

"थांब! पुष्पा, हात काढ!"

ती दचकली. "काय झालं ताई? तुमचीच सही आहे ना?"

"माझीच आहे. ती सही खोटी आहे."

सगळ्या बायका बघायला लागल्या. मला वाटलं होतं, काहीतरी सबब सांगू, पिशवी बदलली वगैरे. तोंडातून निघालं ते भलतंच. "मला दोन महिने कसलाच वास येत नाही," मी म्हणाले. "तू मास्क काढ आणि हा पुदिना गरम पाण्यात टाकून हुंग."

पुष्पानं पाणी तापवलं. तोंडावर मास्क, त्यात पुदिन्याचा जोर, म्हणून तोवर दुसरा वास तिथं कुणाला आला नव्हता. गरम पाणी पडताच वाफ आली आणि पुष्पा दोन पावलं मागे सरली. "अगं बाई गं! बोंबील! अख्खा बाजार!"

आणि ती हसायला लागली. मग दुसरी हसली, तिसरी हसली. मी मात्र जमिनीवर बसून उरलेल्या पराती मोजल्या. एकच परात गेली होती. दोन किलो. बाकीचा अठ्ठावन्न किलो चहा तसाच, स्वच्छ, निवांत पसरलेला होता.

हर्षदभाई आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी सहीचा कागद समोर ओढला.

"किती दिवस?"

"दोन महिने."

"म्हणजे दोन महिन्यांचा सगळा माल तुम्ही न बघता पाठवला."

"हो."

"वंदनाबेन, तुम्ही सांगितलं असतं तर मी तुम्हाला काढून टाकलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

मी खरं ते सांगितलं. "हो."

त्यांना ते लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला आणि बोरीवलीला परबकाकांना लावला.

काका दुसऱ्या दिवशी स्वतःचा चमचा घेऊन हजर झाले. दोन महिन्यांतल्या प्रत्येक लॉटचा नमुना आम्ही जपून ठेवतो, ते सगळे कप मांडले. मी पाणी ओतत होते, पहिल्या वर्षी ओतायचे तसं. काका चाखत गेले, एकेका कपाकडे बोट दाखवून "बरो", "बरो" म्हणत गेले. एका कपाशी थांबले. परत चाखला.

"हो कुबट मारता. गेलो की आसा?"

गेला होता. साधा रोजचा चहा, दुकानांतून लोकांच्या घरी जाऊन आल्यात उकळून पिऊन झाला होता. एकही तक्रार आली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. डब्यावर विश्वास ठेवून कुणीतरी कुबट चहा प्यायलं, आणि त्यांना वाटलं असेल की आपल्याच हातून बिघडला.

संध्याकाळी काका चमचा रुमालात गुंडाळत म्हणाले, "नाक गेला तर येतला गो. सहीवरचो इस्वास गेलो तर येवचो नाय. वेळेवर धावलंस, वाचलंस." तेवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

राहिली सिसिलिया. तिला फोनवर सांगणं मला जमेना. होडीनं गोराईला गेले. ती विहिरीपाशी होती. मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं हुंगली आणि चेहरा पांढरा पडला.

"माळ्यावर सुकवला गं यंदा. सावलीची खोली गळत होती." मग एकदम घराकडे वळून ओरडली, "अगो, माळ्यावर काय ठेवलंस तू?"

आतून तिची जाऊ बाहेर आली. "बोंबलांची गोण. का?"

त्यानंतर दोघींचं जे झालं ते मी इथं लिहीत नाही. पण त्याच दुपारी दोघी मिळून नवा पुदिना कापायला बसल्या. आठ दिवसांत तो सुकून आला. या वेळी घरात पलंगाखाली नव्या चादरीवर सुकवला, असं सिसिलियाच्या जावेनं चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं. हॉटेलवाल्यांना हर्षदभाईंनी थोडे दिवस मागून घेतले, त्यांनी कुरकुर करत दिले. दिवाळीच्या चार दिवस आधी माल गेला, दोन किलो कमी. त्यावर सही पुष्पाची होती. तेव्हापासून आमच्याकडे दोन सह्यांचा नियम झाला. पुष्पाचं नाक इतकं तिखट निघालं, की इतकी वर्षं आम्ही तिला परातींपाशी का उभं केलं, याची मला लाज वाटली. आज माझ्या खुर्चीवर ती आहे.

मला हर्षदभाईंनी काढलं नाही. "नाक येईपर्यंत शिकवा," म्हणाले. मी शिकवत राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, कॉफी आणि गुलाबपाणी हुंगत राहिले, देवाला न मानणाऱ्या घरात पूजा चालावी तशी. पांढऱ्या चहाचा वास सगळ्यात शेवटी परत आला, वर्ष उलटल्यावर, आणि पूर्वीइतका स्वच्छ कधीच आला नाही. पण निवृत्त होईपर्यंत मी दुसरी सही प्रामाणिकपणे करू शकले.

पहिला वास कुठला आला ते सांगते. फेब्रुवारीतली दुपार होती. मुलुंडला बहिणीकडे जेवून मी रिक्षानं घाटकोपरला परत येत होते. हायवेला लागलो तसा रिक्षावाल्यानं खिशातला रुमाल काढून नाकाला बांधला आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, नाक झाका. कचऱ्याच्या डंपिंगची हवा आली."

मी काही झाकलं नाही, मला काय फरक पडणार होता? आणि मग आली. आधी बारीक, धुरकट. मग आंबूस, सडकी, कुजलेल्या भाजीची, जळक्या रबराची, अख्ख्या मुंबईनं टाकून दिलेल्या सगळ्याची घाण एकदम, डोक्यात हातोडा बसावा तशी.

"भाऊ, रिक्षा थांबवा!"

"इथं? उलटी होतेय काय?"

"नाही. थांबवा जरा."

त्यानं बाजूला घेतली. मी खाली उतरले, मास्क काढला आणि छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. रिक्षावाला रुमालाआडून बघत राहिला.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "वीस वर्षं चालवतोय, इथं कोणी उतरलेलं नाही बघितलं."

"अजून दोन मिनिटं," मी म्हटलं. "मीटर चालू राहू दे."